वॉशिंग मशीनचं पाणी तापत नाही, किंवा नको तितकं तापतं: नळापासून हीटरपर्यंतची तपासणी

पहिल्यांदा फ्रंट लोड मशीन घेतलेल्या घरात महिन्या-दोन महिन्यांत एक तक्रार हमखास येते: बटण ६० अंशांवर, पण धुणं संपल्यावर दार उघडलं तर कपडे गार. टॉप लोडवाल्यांची तऱ्हा वेगळी. 'वॉर्म' निवडलं की मशीन पाणीच घेत नाही, नुसतं घुं घुं करत उभं राहतं. आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तिसराच प्रकार, 'कोल्ड' लावूनही पाणी कढत. तिन्ही घरांतून पहिला फोन सर्व्हिस सेंटरला जातो. मेकॅनिक येतो, व्हिजिट चार्ज घेतो, आणि पुष्कळदा दोष मशीनमध्ये नसतोच. तो नळात, टाकीत, मागच्या पाइपात, प्लगमध्ये नाहीतर निवडलेल्या प्रोग्रॅममध्ये असतो.

म्हणून माझा आग्रह असा की पाण्याच्या वाटेनं चला. आधी मशीनकडून आपण नक्की काय मागितलंय ते बघा, मग पाणी येतं कसं, जातं कुठे, वीज पुरेशी मिळते का ते बघा, आणि मशीनच्या पोटात सर्वांत शेवटी शिरा. या क्रमातल्या बऱ्याचशा पायऱ्यांना स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

मशीनमध्ये हीटर आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण टॉप लोड घेणाऱ्या निम्म्या लोकांना याचं उत्तर ठाऊक नसतं. मशीनच्या मागे किंवा दाराच्या कडेला एक माहितीची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर वॅटचा आकडा शोधा. तो तीनशे ते सहाशेच्या घरात असेल तर त्या मशीनमध्ये फक्त मोटर आणि पंप आहे, पाणी तापवायची सोय नाही. आकडा १८०० ते २२०० च्या आसपास असेल तर आत हीटर आहे.

आपल्याकडे मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या फ्रंट लोड मशीनमध्ये हीटर असतो आणि पाणी घ्यायला मागे एकच तोंड असतं, तेही थंड पाण्याचं. टॉप लोडमध्ये तीन प्रकार आढळतात. काहींना एकच तोंड असतं आणि हीटर नसतो. त्यांत नळाला येईल त्या पाण्यात धुणं होतं. काहींना मागे दोन तोंडं असतात, एक निळ्या खुणेचं आणि एक लाल खुणेचं. लाल तोंडाला गिझरचं किंवा सोलरचं पाणी जोडायचं असतं. अशा मशीनवर 'हॉट' दाबलं म्हणजे पाणी तापत नाही, फक्त लाल बाजूचा व्हॉल्व्ह उघडतो. तिथे पाइपच जोडलेला नसेल तर मशीन पाण्याची वाट बघत बसतं आणि शेवटी पाणी येत नसल्याची एरर दाखवतं. नव्या घरात 'वॉर्म लावलं की बंद पडतं' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तिसरा प्रकार आत हीटर असलेल्या टॉप लोडचा. तो अलीकडे बराच दिसू लागलाय.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांचा सगळा कारभार बादलीनं चालतो, त्यामुळे त्यांना एवढंच सांगायचं की उकळतं पाणी थेट प्लास्टिकच्या टबात ओतू नका. आधी गार पाणी घाला, मग गरम, आणि हात घालवेल इतपतच ठेवा.

पायरी पहिली: आपण मशीनला काय सांगितलंय

प्रत्येक प्रोग्रॅमला तापमानाची कमाल मर्यादा ठरलेली असते. नाजूक कपडे, लोकर, १५ मिनिटांचं झटपट धुणं अशा प्रोग्रॅमवर तुम्ही ६० मागितलं तरी मशीन ते देणार नाही. बटण दाबलं तरी आकडा ४० च्या वर जात नाही, किंवा 'कोल्ड'वरच राहतो. तापण्याची परीक्षा घ्यायची तर 'कॉटन' प्रोग्रॅमवर घ्या. इको असं नाव असलेल्या प्रोग्रॅमवरही घेऊ नका. वीज वाचवण्यासाठी त्यात पाणी कमी तापवून धुणं जास्त वेळ चालवलेलं असतं, त्यामुळे लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाणी थंड असलं तरी तो बिघाड नव्हे.

दुसरी गोष्ट, कपडे खळबळायचं पाणी नेहमी थंडच असतं. साबणाचं गरम पाणी पहिल्या निचऱ्यातच निघून जातं आणि पुढे दोन-तीन वेळा गार पाण्यानं खळबळणं होतं. धुणं संपल्यावर कपड्यांना हात लावून पाणी तापलं की नाही हे कळणं शक्यच नाही.

पायरी दुसरी: हातावर विसंबू नका, मोजा

आपलं शरीर ३७ अंशांचं. त्यामुळे ४० अंशांचं पाणी हाताला जेमतेम कोमट लागतं आणि ३० अंशांचं चक्क गार लागतं. अंघोळीला आपण घेतो ते पाणी सहसा ४० च्या आसपासचं, पण गिझरमधून येतं ते ५५-६० चं. डोक्यात 'गरम' म्हणून तेच बसलेलं असतं. मशीनवर ४० लावून गिझरच्या पाण्याची अपेक्षा करणाऱ्याला मशीन बिघडलंय असंच वाटणार.

मोजायचे दोन मार्ग आहेत. पहिला थर्मामीटरचा. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल थर्मामीटर चालतो. तापाचा चालत नाही, कारण तो ४२-४३ च्या पुढे जातच नाही. ६० अंशांचं कॉटन धुणं लावा, मुख्य धुणं संपून पहिल्यांदा पाणी बाहेर पडू लागलं की दांड्याचा मग पाइपाखाली धरा आणि लगेच मोजा. हात लांब ठेवा, हे पाणी भाजतं. पाइपातून येता येता पाणी थोडं निवतं, म्हणून ६० ला ५४-५५ दिसलं तरी मशीन ठीक समजा. ३० च्या घरात दिसलं तर हीटर चाललेलाच नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात मशीनला हातही लावावा लागत नाही. घरच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातला फ्रिज, गिझर, पंप थोडा वेळ बंद करा आणि मशीन ६० अंशांवर सुरू करा. सुरुवातीला पाणी भरताना आणि ड्रम नुसता फिरताना दिवा दहा सेकंदांत एक-दोनदा लुकलुकेल. हीटर लागला की त्याच दहा सेकंदांत सतरा-अठरा वेळा लुकलुकेल. फरक इतका ठळक असतो की मोजायचीही गरज पडत नाही. पाणी भरून झाल्यावर पंधरा मिनिटं उलटली तरी दिव्याचा वेग तोच राहिला, तर हीटरला वीजच जात नाहीये.

किती वेळ लागायला हवा

इथे थोडं गणित करू, कारण 'फार वेळ लागतो' या तक्रारीची अर्धी उत्तरं त्यात आहेत. मुख्य धुण्यात १५ लिटर पाणी आणि हीटर २००० वॅटचा धरला, तर २५ अंशांचं पाणी ४० वर न्यायला आठेक मिनिटं लागतात आणि ६० वर न्यायला अठरा. ओले कपडे, स्टीलचा ड्रम, बाहेर जाणारी उष्णता धरली की प्रत्यक्षात १० ते १२ आणि २५ मिनिटं होतात. नाशिक-पुण्याकडे जानेवारीत सकाळी टाकीतलं पाणी १५ अंशांवर आलेलं असतं. तेव्हा त्याच ६० ला आणखी सहा-सात मिनिटं लागणार. या काळात डिस्प्लेवरची उरलेली वेळ एका आकड्यावर खिळून बसते. मशीन अडकलेलं नसतं, पाणी ठरलेल्या अंशांवर येण्याची वाट बघत असतं.

बिलाची काळजी असेल तर तेही याच हिशेबातून निघतं: नुसतं पाणी तापवायला ६० अंशांच्या धुण्याला पाऊण युनिटच्या आतबाहेर, ४० च्या धुण्याला पाव युनिटहून थोडं जास्त. रोजच्या कपड्यांना ४० पुरतं, रंगीत कपड्यांना ३०. चादरी, टॉवेल, आजारी माणसाचे कपडे यांना ६० लावावं; धुळीतले सूक्ष्म किडे ६० अंशांत मरतात, ४० मध्ये तगून राहतात. कपड्याच्या शिवणीतल्या चिठ्ठीवर टबाचं चित्र असतं, त्यातल्या ठिपक्यांनी कमाल तापमान सांगितलेलं असतं: एक ठिपका ३०, दोन ठिपके ४०, तीन ठिपके ५०, चार ठिपके ६०.

पायरी तिसरी: पाणी येतं कसं

नळ बंद करा, मशीनच्या मागचा इनलेट पाइप हातानं फिरवून सोडवा आणि तो बादलीत धरून नळ पूर्ण सोडा. दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर उत्तम. दोन मिनिटांहून जास्त लागली तर प्रेशर कमी आहे. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये हे नेहमीचं दुखणं. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा दहा फूट उंच असली तरच जेमतेम पुरेसं प्रेशर मिळतं. टबातलं पाणी किमान पातळीला येईपर्यंत मशीन हीटर लावतच नाही, कारण कोरडा हीटर जळतो. पाणी रडत-रडत भरतंय म्हणजे तापायलाही उशीर होणारच.

पाइप सुटलेला आहे तोवर मशीनच्या तोंडातली प्लास्टिकची बारीक जाळी पक्कडीनं अलगद ओढून काढा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर वाळू आणि गंजाचा थर सापडेल. जुना टूथब्रश आणि वाहतं पाणी, एवढ्यानं काम होतं. जाळी परत बसवायला विसरू नका. ती नसली तर तोच कचरा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

दोन तोंडांच्या टॉप लोडमध्ये आणखी एक गोष्ट बघायची. 'हॉट' लावा आणि मागचे दोन्ही पाइप हातानं चाचपा. गरम व्हायला हवा तो लाल बाजूचा. लाल गारच राहिला आणि 'कोल्ड' लावल्यावर निळा गरम झाला तर पाइपांची अदलाबदल झालीय. प्लंबरच्या हातून हे फार वेळा होतं, कारण सोलरची आणि साध्या पाण्याची तोटी शेजारी-शेजारी असते. 'वॉर्म'वर पाणी गारच येत असेल, तर गरम बाजूचं प्रेशर थंड बाजूपेक्षा फार कमी असण्याची शक्यता मोठी.

गिझर कोणता आहे यावरही बरंच अवलंबून आहे. टॉप लोड एका भरणीला ४०-५० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी घेतं. १५ लिटरचा गिझर त्याला पुरणारच नाही. पहिली बादलीभर गरम आणि पुढचं सगळं गार. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तर या कामाचाच नव्हे. मिनिटाला आठ लिटरच्या धारेला तो पाच-सहा अंशच वाढवू शकतो.

आणि फ्रंट लोडला सोलरची लाइन जोडण्याचा मोह कितीही झाला तरी पुस्तिकेत 'फक्त थंड पाणी' लिहिलेलं असेल तर जोडू नका. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ७० च्या पुढे जातं. पाइप आणि व्हॉल्व्ह त्यासाठी केलेले नसतात, लोकरीचे कपडे आटतात, आणि गार पाण्यानं खळबळण्याची सोयच जाते.

पायरी चौथी: पाणी जातं कुठे

ही पायरी सगळेच गाळतात आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या ड्राय बाल्कनीत मशीनचा ड्रेन पाइप बहुधा जमिनीवर नहाणीच्या जाळीत टाकलेला असतो. मशीनच्या पाठीवर त्या पाइपाला उंच धरून ठेवणारी एक क्लिप असते. झाडताना, मशीन सरकवताना पाइप त्या क्लिपमधून निसटतो आणि पूर्ण जमिनीवर लोळतो. मग काय होतं? टबातलं पाणी पाइपापेक्षा उंच, त्यामुळे पंप बंद असतानाही ते आपोआप वाहून जातं. पाणी कमी झालं की मशीन नळातून आणखी घेतं, तेही गार. हीटर तापवतो, तापलेलं निघून जातं, नवं गार येतं. पाऊण तास असा गेला की शेवटी एरर येते, ती कधी हीटरची तर कधी पाण्याची, आणि हीटर बदलूनही फरक पडत नाही.

ओळखायला सोपं आहे. धुणं चालू असताना, पंपाचा आवाज नसताना, पाइपाच्या तोंडाखाली कोरडा मग ठेवा. दहा मिनिटांनी मगात थेंबही नको. बारीक धार दिसली, किंवा मशीन दर दोन-चार मिनिटांनी सूं करून पाणी घेताना ऐकू आलं, तर चोर सापडला.

उपाय फुकटचा आहे. पाइपाचा एक वळसा जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच न्या. बहुतेक पुस्तिकांत हीच मर्यादा दिलेली असते. मशीनबरोबर उलट्या 'यू'सारखा प्लास्टिकचा आकडा येतो, तो फेकून दिला नसेल तर त्यात पाइप बसवून खिडकीच्या ग्रिलला बांधा. पाइपाचं टोक पाण्यात बुडालेलं नसावं आणि भिंतीतल्या पाइपात ते खोलवर खुपसून चिकटपट्टीनं बंद करू नये. भोवती हवा जायला जागा राहिली पाहिजे, नाहीतर पाणी पुन्हा ओढलं जातं.

पायरी पाचवी: वीज

२००० वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा, स्वतंत्र वायर हवी आणि अर्थिंग हवंच. कन्व्हर्टर लावून साध्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालवलेलं मशीन थंड पाण्यात वर्षभर सुरळीत चालेल आणि पहिल्याच ६० अंशांच्या धुण्याला प्लग वितळवेल. धुणं झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावा. गरम लागल्या, किंवा सॉकेटची भोकं काळवंडलेली दिसली, तर वायरमनला बोलावल्याशिवाय पुढचं धुणं लावू नका.

व्होल्टेजचा परिणाम लोकांना कमी वाटतो. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटचा हीटर १२०० वॅटच्या आसपासच काम करतो, म्हणजे १८ मिनिटांचं तापणं तीस मिनिटांवर जातं. शहराच्या कडेला, शेतीपंपांच्या वेळात व्होल्टेज पडतं अशा गावात हे रोजचंच आहे. काही मशीन अशा वेळी वाट बघून तसंच पुढे जातात आणि कपडे कोमट पाण्यात धुवून देतात. काही एरर दाखवतात. तेच धुणं रात्री दहानंतर लावून बघा; तेव्हा नीट तापलं तर मशीन निर्दोष आहे.

आता एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. मशीन सुरू झाल्यावर पाणी भरतं, ड्रम फिरतो, आणि पाच-दहा मिनिटांनी घरातला लीकेजचा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी किंवा जुन्या भाषेत ईएलसीबी, ट्रिप होतो. 'कोल्ड'वर लावलं तर मात्र काही होत नाही. याचा अर्थ हीटरचं आवरण तडकलंय आणि वीज पाण्यात, तिथून अर्थिंगला उतरतेय. ब्रेकर तुमचा जीव वाचवतोय. तो काढून टाकून किंवा बायपास करून मशीन चालवून देणारा वायरमन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हीटर बदलेपर्यंत मशीन पूर्ण बंद ठेवा, 'कोल्ड'वरही चालवू नका.

पायरी सहावी: क्षार

बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायटीत गिझरची कॉइल वर्षभरात पांढऱ्या खडकासारखी होते. मशीनच्या हीटरवरही तेच बसतं, फक्त दिसत नाही. क्षारामुळे पाणी कमी तापतं असं सर्रास सांगितलं जातं, पण तो अर्धाच भाग आहे. हीटर जेवढी वीज घेतो तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरा धोका हा की थराखाली दबलेला हीटर स्वतः अतोनात तापतो आणि आतून तुटतो. पाण्याचं तापमान मोजणारा थर्मिस्टर त्याच्या शेजारीच असतो. त्यावर थर बसला की त्याला पाण्याची खबर उशिरा लागते आणि पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापतं.

किराणा दुकानात लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुटं मिळतं. रिकाम्या ड्रममध्ये साधारण १०० ग्रॅम टाका, साबण अजिबात नको, आणि ६० अंशांचं कॉटन धुणं लावा. पाणी तापल्यावर जमलं तर अर्धा तास 'पॉज' करा, मग पुढे जाऊ द्या. शेवटी एकदा नुसतं खळबळणं लावा. बोअरचं पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांनी, नगरपालिकेचं गोडं पाणी असेल तर सहा महिन्यांनी एकदा पुरे. उगाच दर आठवड्याला करू नका. ड्रमला मागून धरणारा भाग बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲसिड त्यालाही खातं. याच कारणासाठी संडास साफ करायचं ॲसिड मशीनमध्ये कधीही घालायचं नाही. लिंबूसत्व आणि ब्लीच एकत्र तर मुळीच नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आधी ब्लीच वापरलं असेल तर मध्ये एक पूर्ण साधं धुणं होऊ द्या.

जे लोक वर्षानुवर्षं फक्त 'कोल्ड'वर धुतात त्यांच्या हीटरवर क्षार कमी बसतो खरा, पण साबणाचा आणि कपड्यांच्या तेलाचा चिकट थर टबाच्या मागे साचतो, दाराच्या रबरात काळी बुरशी धरते आणि धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० वर किंवा 'टब क्लीन'वर चालवणं त्यासाठीच सांगितलेलं असतं.

पायरी सातवी: मशीनच्या पोटात

इथवर सगळं ठीक निघालं तरच ही पायरी. मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध वगैरे मोजायचं हातातलं मीटर, वापरता येत नसेल तर इथे थांबा आणि मेकॅनिक बोलवा, त्यात काहीच कमीपणा नाही. वापरता येत असेल तर प्लग काढून, नळ बंद करून, पाणी पूर्ण निथळवून पाच-दहा मिनिटं थांबा. हीटर टबाच्या तळाशी असतो. बऱ्याच मशीनमध्ये मागचं पत्र्याचं झाकण काढल्यावर दिसतो, काहींत पुढच्या बाजूनं.

झाकण काढल्यावर लगेच मीटर लावू नका, आधी नीट डोळ्यांनी बघा. तळमजल्यावर आणि ड्राय बाल्कनीत उंदीर मशीनच्या खालच्या उघड्या बाजूनं आत शिरतात आणि हीटरच्या किंवा थर्मिस्टरच्या वायरी कुरतडतात. हीटरच्या जाड वायरीच्या टोकाची क्लिप सैल होऊन काळी पडलेलीही दिसते. अशा वेळी हीटर चांगला असतो आणि काम वायरीचंच असतं.

वायरी काढून हीटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. २००० वॅटच्या हीटरला २६ ओहमच्या आसपास, १८०० च्याला २९ च्या आसपास आकडा यायला हवा. काहीच आला नाही तर हीटर तुटलाय. मग एक टोक आणि हीटरची धातूची पट्टी यांच्यामध्ये मोजा. इथे काहीही आकडा येता कामा नये. आला तर तोच वर सांगितलेला लीकेजचा दोष. साध्या मल्टिमीटरला बारीक गळती दिसत नाही, म्हणून ट्रिप होत असेल आणि मीटर काही दाखवत नसेल तर मीटरपेक्षा ब्रेकरवर विश्वास ठेवा.

थर्मिस्टरचा आकडा कंपनीगणिक वेगळा, पण वागणूक एकच: गरम झाला की रोध कमी होतो. मीटर लावून ठेवा आणि थर्मिस्टरला मुठीत धरून ऊब द्या. आकडा हळूहळू उतरत गेला तर बरा आहे. हललाच नाही, किंवा मध्येच उड्या मारू लागला, तर बदला. एलजीच्या मशीनवर 'टीई' अशी एरर याच्याशी संबंधित असते. सॅमसंगवर 'एचई' किंवा 'एचसी' हीटरकडे बोट दाखवतं, आणि '४सी२' आलं तर थंड पाण्याच्या तोंडातून गरम पाणी येतंय असा त्याचा अर्थ.

हीटर, थर्मिस्टर, वायरी तिन्ही शाबूत आणि तरी पाणी तापत नाही, तेव्हाच संशय मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, म्हणजे पीसीबीवर न्यावा.

उलटा त्रास: पाणी फार गरम

उन्हाळ्यात गच्चीवरची काळी टाकी आणि उन्हातल्या भिंतीवरून उतरलेला पाइप, दोन्ही मिळून पाण्याला दुपारी ४० च्या पुढे नेतात. मशीनला पाणी थंड करता येत नाही, 'कोल्ड'चा अर्थ फक्त 'तापवू नको' एवढाच. नव्या खणाच्या परकराचा, इरकलीचा रंग अशा पाण्यात उतरून सगळ्या कपड्यांना लागतो. रक्ताचे आणि दुधाचे डाग तर गरम पाण्यात पक्के बसतात. धुणं पहाटे लावा, मशीनचा नळ जोडण्याआधी पाइपातलं तापलेलं बादलीभर पाणी काढून घ्या, आणि सोसायटीला टाकीला पांढरा रंग देऊन वर साधी पत्र्याची सावली करायला सांगा.

तापलेलं पाणी टाकीतून नसून मशीननंच ४० च्या जागी ७०-८० पर्यंत नेलं असेल, दाराच्या काचेवर वाफ धरली असेल, मशीन बंद केल्यावरही मीटरचा दिवा झरझर लुकलुकत असेल, तर बोर्डावरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय. प्लग ओढा. दार जबरदस्तीनं उघडू नका, पाणी निवेपर्यंत ते कुलूपबंद राहतं ते तुमच्याच भल्यासाठी. खालच्या फिल्टरचं झाकण तर अजिबात फिरवू नका. उकळत्या पाण्याचा लोंढा थेट पायावर येतो. दोन तास जाऊ द्या.

मेकॅनिक येणार असेल तर

फोनवर 'पाणी तापत नाही' एवढंच सांगू नका. कोणत्या प्रोग्रॅमवर, किती अंशांवर, मोजलेलं तापमान किती, एरर कोणती, ट्रिप होतं का, हे सांगा. योग्य पार्ट घेऊन माणूस पहिल्याच खेपेला येईल. आल्याबरोबर पीसीबी बदलायला सांगितलं तर हीटरचं आणि थर्मिस्टरचं मीटर रीडिंग समोर दाखवायला नम्रपणे सांगा. चांगला मेकॅनिक आनंदानं दाखवतो. हीटर हा पीसीबीच्या मानानं बराच स्वस्त पार्ट आहे, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा. वॉरंटी चालू असेल तर झाकण स्वतः उघडू नका, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

नवा हीटर टबाच्या भोकात रबरी सीलवर बसतो. सील तिरका बसला की गळती लगेच दिसत नाही, पाणी तापून रबर फुगल्यावर दिसते. म्हणून मेकॅनिक असतानाच ६० अंशांचं धुणं लावा, मशीनखाली वर्तमानपत्र पसरा आणि पहिला निचरा होईपर्यंत त्याला चहा द्या. कागद कोरडा राहिला की मग पैसे द्या.